रुमालांनी भरलेली एसटी

चिंचदऱ्याची एसटी बंद होणार, ही बातमी गावात आली ती एसटीनंच. ड्रायव्हर यासीननं गाडी चिंचेखाली वळवली, इंजिन बंद केलं आणि पारावर बसलेल्या आकाराम सुभेदारांपुढं येऊन उभा राहिला.

"सुभेदार, वरनं साहेब येनार हायत मोजायला. मानसं भरलेली दिसली तर गाडी ऱ्हाईल. न्हाई तर ह्या गाडीची बी सुट्टी आन् तुमच्या गावाची बी."

"कवा येनार?"

"सोमवारी. माझ्याच गाडीतनं येत्यात आन् माझ्याच गाडीतनं जात्यात."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यापासून त्यांनी 'एसटी जगवा, गाव जगवा कृती समिती' चालवली होती आणि तिचे अध्यक्ष, चिटणीस, शिपाई सगळं तेच होते. त्यांचं एक ठरलेलं म्हणणं होतं. "ज्या गावाची एसटी जाती, त्या गावातनं आधी दवाखान्याची सिस्टर जाती. मग मास्तर जातो. मग सुना यायच्या थांबत्यात. शेवटाला नुसती कुलपं ऱ्हात्यात." हे त्यांनी सांगलीपासून मुंबईपर्यंत सगळ्यांना निवेदनातून कळवलं होतं. प्रत्येक साहेबानं त्यांना चहा पाजला होता आणि निवेदन हातात धरून फोटो काढला होता. ते फोटो घराच्या सोप्यात ओळीनं टांगले होते. त्यातल्या एकाही फोटोत एसटी नव्हती.

पण सुभेदारांना खरी काळजी होती ती गावाची नव्हे, क्रांतीची. क्रांती त्यांची नात. आष्ट्याच्या कॉलेजात बीएस्सीला होती, आणि शेवटचं एकच वर्ष राहिलं होतं. रोज सकाळी ती याच गाडीनं जायची, तिसऱ्या खिडकीपाशी बसून. तिचा बाप विश्वजीत साधा माणूस, पण एकदा बोलला की बोलला. त्यानं दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "आबा, एसटी हाय तंवर कॉलेज. वडापच्या जीपला लोंबकळत पोरगी जानार न्हाई माझी. पाचगणीकडचं स्थळ आलंय, स्ट्रॉबेरीचं रान हाय त्यांचं. मी अजून शब्द दिलेला न्हाई, येवढंच."

म्हणजे सोमवारी गाडी भरली तर क्रांती कॉलेजात, नाही भरली तर क्रांती स्ट्रॉबेरीत.

आता गाडी भरणं कठीण का असावं? चिंचदऱ्यात एसटी नको म्हणणारा एक माणूस सापडला नसता. एसटीवर गावाचं फार प्रेम. फक्त तिच्यात कुणी बसत नसे. समितीचे उपाध्यक्ष लालासाहेब यांची तर स्वतःची वडापची, म्हणजे माणसं कोंबून भाड्यानं नेणारी, जीप होती. "एसटी नसंल तर गावाला गाव म्हनायचं का?" असं ते जीपच्या बॉनेटवर बसून तळमळीनं म्हणत आणि पुन्हा "आष्टा, आष्टा, आष्टा!" ओरडायला लागत. त्यांना समितीत घेतलं होतं, कारण गावातला एकमेव माइक त्यांचा होता.

रविवारी सुभेदारांनी बैठक घेतली. "घरटी एक मानूस पायजे. आष्ट्यापातूर जायाचं, च्या प्यायाचा, माघारी यायाचं. जो यायाचा न्हाई त्याच्या दारात मी पुन्ना पाय ठेवनार न्हाई."

ही धमकी होती की आमिष, हे प्रत्येकानं आपापल्या मनाशी ठरवलं. पण यायचं सगळ्यांनी कबूल केलं.

आणि सोमवारी खरोखरच सगळे आले. गाडी चिंचेखाली पुरती थांबायच्या आधीच लोक तिच्यावर तुटून पडले आणि खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, टोप्या, पिशव्या, एक-दोन चपला असं जे हातात येईल ते आत पडू लागलं. सीटवर टाकलेला रुमाल हा आमच्याकडं सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा असतो. एकदा पडला की सीट नावावर झाली, मग माणूस खुशाल तंबाखू मळत हिंडायला मोकळा. त्या सीटला कुणी हात लावत नाही. सुभेदारांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. एकही सीट मोकळी नव्हती. त्यांचा ऊर भरून आला. तेवढ्यात क्रांती वर चढली आणि आपल्या तिसऱ्या खिडकीशी जाऊन वही उघडून बसली. तिचं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं.

मग पुढच्या दारातून साहेब उतरले. साहेब म्हणजे एक बाई होत्या.

"नमस्कार. मी संयोगिता. वाहतूक निरीक्षक."

सगळी पंचाईत तिथून सुरू झाली. सुभेदारांनी साहेबांसाठी फेटा बांधणारा माणूस बोलावून ठेवला होता. तो फेटा घेऊन दोन पावलं पुढं आला आणि तसाच मागं गेला. सुभेदारांची बायको मनुबाई पिशवी घेऊन गाडीत चढत होती, ती पायरीवरूनच कडाडली.

"आवं, लेकीसुनंसारखी बाई दारात आलीया आन् तिला फेटा बांधताय व्हय? वटी भरायला पायजे!"

"अहो, याची काही गरज नाही," मॅडम म्हणाल्या. "गाडी वेळेवर सुटायला हवी. मी फक्त माणसं मोजायला आलेय."

"दोन मिन्टं, मॅडम!" सुभेदार म्हणाले. आमच्या भागात 'दोन मिनिटं' म्हटल्यावर पुढं काय होतं, हे बाईंना ठाऊक असायला हवं होतं.

एक बाई खणासाठी उतरली, दुसरी तांदळासाठी आणि तिसरी नारळासाठी. बाकीच्या, ओटी भरताना आपण नसलो तर चारचौघींत काय दिसेल, म्हणून उतरल्या. बाया उतरल्या म्हणून बाप्ये बघायला उतरले. सीटची काळजी कुणालाच नव्हती, रुमाल होते ना! ओटी भरली, फोटो झाला. फोटोत लालासाहेब अर्धेच आले म्हणून तो पुन्हा झाला. मग लालासाहेबांनी माइक फुंकला आणि म्हणाले, "आता आपले सुभेदार दोन शब्द बोलतील."

सुभेदार पारावर चढले. समोर गाव, पाठीमागं गाडी. "सगळ्यांनी खाली बसून घ्या," त्यांनी हुकूम सोडला. सगळं गाव मातीत बसलं.

"मॅडम, गावात पैली एसटी आली तवा मी बारका हुतो," त्यांनी सुरुवात केली आणि मुद्देसूद, हळूहळू पलटणीत भरती होण्यापर्यंत आले. मॅडमनी घड्याळ पाहिलं. सुभेदारांचे डोळे भरून आल्यामुळं मिटलेले होते, म्हणून बाईंनी गावालाच हात जोडले आणि ओटीचा नारळ सांभाळत गाडीत जाऊन बसल्या. एरवी यासीन बांधावरून पळत येणाऱ्या म्हातारीसाठीसुद्धा गाडी थांबवून ठेवी. पण आज त्याच्या मागच्याच सीटवर निरीक्षक. त्यानं बिचाऱ्यानं जमेल तेवढा मोठा हॉर्न दिला.

"ऐका!" सुभेदार गरजले. "गाडी बी व्हय म्हनती!"

टाळ्या पडल्या. यासीननं पुन्हा हॉर्न दिला. पुन्हा टाळ्या पडल्या. मग गाडी हलली.

पुढच्या ओळीतले दोघंतिघं चुळबुळत उठले आणि हातवारे करू लागले. "बसा खाली!" सुभेदारांचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा. "ही शिस्त न्हाई म्हनूनच आपल्याला कोन इचारत न्हाई!" लोक बसले. सुभेदारांच्या भाषणातून उठलेल्या माणसाला पुढं वर्षभर त्याबद्दल ऐकावं लागे, हे गावाला अनुभवानं माहीत होतं. शेवटी मनुबाई उठली.

"आवं, गाडी!"

"गाडीवरच येतोय मी आता!"

"तुमी येताय, पन ती गेली न्हवं!"

सुभेदारांनी मागं वळून पाहिलं. चिंचेखाली धुरळा होता आणि ओटीतले सांडलेले तांदूळ होते.

मग जे झालं ते न सांगितलेलं बरं, पण सांगतो. "पळा!" असा एकच हुकूम झाला आणि गल्लीगल्लीतून मोटारसायकली बाहेर पडल्या. सुभेदार विश्वजीतच्या मागं बसले. बायका लालासाहेबांच्या जीपमध्ये कोंबल्या गेल्या. इतक्या एकदिलानं चिंचदरा कधी धावला नव्हता. खिंडीच्या वळणावर त्यांनी एसटी गाठली, पुढं जाऊन मोटारसायकली आडव्या घातल्या आणि जिंकल्यासारखे ओरडले.

मॅडमनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बोटानं हवेत काहीतरी मोजलं.

"या सगळ्या गाड्या चिंचदऱ्याच्याच?"

सुभेदार तोंड उघडणार, तेवढ्यात लालासाहेबांची छाती फुगली. परक्या माणसापुढं गावाचा मोठेपणा सांगायची वेळ आली की आमच्या माणसाला पुढचं-मागचं दिसत नाही. "आमच्याच की! घरटी दोन-दोन हायत. ट्रॅक्टर येगळं!"

"आणि ही जीप?"

"ही माझी, मॅडम! दिसभर आष्ट्याला फेऱ्या असत्यात. कुनाची म्हनून अडचन होऊ देत न्हाई आमी."

सुभेदारांनी डोळे मिटले. मग उघडून ओरडले, "अरं, बघताय काय? चढा गाडीत!"

लोक आज्ञाधारकपणे मागच्या दारानं चढले. प्रत्येकानं आपापला रुमाल शोधला, झटकला, खांद्यावर टाकला आणि पुढच्या दारानं खाली उतरला.

"आरं गड्या, बसा की!"

"मोटारसायकल आडवी हाय न्हवं रस्त्यात, सुभेदार. सोडून कसं जायाचं?" प्रत्येकाचं हेच. आणि प्रत्येकाचं बरोबर होतं. बायका तर जीपमधून उतरल्याच नाहीत. एकदा उतरलं तर जीपमधली जागा जाईल, अशी त्यांना भीती होती, आणि रुमाल एसटीत होते. सगळ्यात शेवटी एक जण आपली दुसरी चप्पल सीटखाली शोधत राहिला. ती सापडल्यावर तोही गेला.

गाडीत क्रांती तेवढी उरली. सुभेदार चढले आणि तिच्या शेजारी बसले.

मॅडम त्यांच्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमची नात मला घाटभर सांगत होती की गाडी रोज भरते. मलाही तसंच लिहायला आवडलं असतं. पण सुभेदार, मी रुमाल नाही हो मोजू शकत."

प्रवासी दोन लिहिले गेले. एक कॉलेजचा पास आणि दुसरा वयामुळं फुकट.

गाडी उताराला लागली. मग क्रांती वही मिटून म्हणाली, "आबा, भाषान चांगलं झालं असंल न्हाई?"

"निम्मंच झालं," सुभेदार म्हणाले. त्यांना आष्ट्यात काहीच काम नव्हतं.

पंधरवड्यात एसटी बंद झाली. निषेधाच्या सभेला सगळं गाव मोटारसायकलवरून आलं. सुभेदारांनी नातीला कॉलेजात सोडण्यासाठी म्हातारपणी मोटारसायकल चालवायची हिंमत केली, आणि दुसऱ्याच दिवशी ते तिच्यासकट उसात शिरले. क्रांतीचं कोपर फुटलं. विश्वजीत रागावला नाही, त्याचंच सुभेदारांना जास्त वाईट वाटलं.

"आबा, मी काय पोरीच्या वाईटावर हाय व्हय? रोज तिला सोडाय-आनाय मी गेलो तर रानात कोन बघनार? तुमीच सांगा."

उभ्या गावाला भाषण ऐकवणारे सुभेदार मोटारसायकलच्या चाकात अडकलेला उसाचा पाला काढत बसले. "येकच वरीस ऱ्हायलं हुतं," एवढं क्रांती एकदा म्हणाली. पाचगणीकडच्यांना शब्द गेला. मुलगा खरंच चांगला होता, आणि त्यामुळं भांडायलाही जागा उरली नाही.

वैशाखात लग्न ठरलं, मुलाकडं. वऱ्हाड न्यायला विश्वजीतनं डेपोतून एसटी ठरवली, आणि सकाळी चिंचेखाली आली ती तीच गाडी, यासीनसकट. ती पुरती थांबायच्या आधी लोक तुटून पडले. खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, टोप्या आत पडल्या. पण या खेपेला ज्यानं त्यानं आपल्या रुमालावर जाऊन बैठकही मारली. उभं राहायलाही जागा राहिली नाही. लालासाहेबसुद्धा होते. जीपला एवढा लांबचा घाट झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नवरीसाठी फुलं लावलेली मोटार उभी होती. क्रांती तिच्याकडं न बघता एसटीत चढली. "मी ह्या गाडीनंच जानार," म्हणाली, आणि त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही.

"सुभेदार, निघायच्या आधी दोन शब्द हुंद्या की!" लालासाहेबांनी खिडकीतून हाक मारली. सगळी गाडी हसली.

सुभेदार पाराजवळ उभे होते. त्यांनी मान हलवली.

"यासीन, सुटू दे गाडी. वेळ झाली," ते म्हणाले आणि दांडा धरून वर चढले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. इतकी भरलेली चिंचदऱ्याची एसटी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि आज मोजायला कुणी आलं नव्हतं. ते दारातच उभे राहिले.

"आबा!" तिसऱ्या खिडकीतून आवाज आला. मुंडावळ्या सावरत क्रांतीनं शेजारच्या सीटवरचा रुमाल उचलला. "हितं या. तुमची जागा धरलीया."

सुभेदार माणसांतून वाट काढत गेले आणि बसले. यासीननं एकदाच हॉर्न दिला आणि गाडी खिंडीकडं निघाली.