रेकॉर्डरमधलं बुजगावणं

उत्तरेश्वरला एक व्हिडिओ रेकॉर्डर घ्यायचा होता, आणि तो कुठला घ्यावा हे जगात त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

उत्तरेश्वर धाराशिवला एका कचेरीत कारकून. सकाळच्या एसटीनं तेरहून जायचा, दिवेलागणीला परतायचा आणि सुट्टी मिळाली की गावाबाहेरच्या माळावर विमान उडवायचा. विमान फोमचं, घारीपेक्षा जरा थोराड. नाकावर हरभऱ्याएवढा कॅमेरा. उत्तरेश्वर डोळ्यांवर डब्यासारखा चष्मा चढवायचा, आणि मग विमानाला जे दिसेल ते त्याला दिसायचं. तेरणेचं पाणी, पाण्यावरचे बगळे, बगळ्यांच्या पाठी. बगळ्याची पाठ वरून पाहिलेला अख्ख्या तेरमधला तो एकटाच माणूस होता. पण हे सांगायचं कुणाला? बाकीच्यांना दिसायचा तो माळावर मांडी ठोकून बसलेला, तोंडाला डबा बांधून मान वेळावणारा इसम.

त्याचे वडील रामलिंग मेंढरं राखायचे. माळावरून जाताना ते क्षणभर थांबायचे आणि काठीवर हनुवटी टेकवून म्हणायचे, "डोळं झाकून बसतंय, आन् म्हणतंय आभाळात हाय." एवढं बोलून मेंढरांमागं चालू लागायचे.

म्हणून रेकॉर्डर हवा होता. चष्म्यात दिसतं ते साठवून घरच्या टीव्हीवर दाखवणारा. आणि स्वस्तातला हवा होता, कारण आधीचं विमान उसाच्या फडात पडलं होतं, फड तुटून कारखान्याला गेला तरी सापडलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याची बायको वैष्णवी अजून विसरली नव्हती.

बसस्थानकाजवळ कुमारचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. कुमारनं सांगितलं, रेकॉर्डर दोन तऱ्हेचे. एक विमानाच्या पोटात बसतो, त्याचं चित्र काचेसारखं स्वच्छ. दुसरा जमिनीवर, चष्म्याला जोडलेला. वरून जे येईल तेच तो टिपणार, सिग्नल तुटून पडद्यावर मुंग्या आल्या तर मुंग्यांसकट. दोघांचा कल पोटातल्याकडं होता. त्यांनी मोबाईलवर इतक्या जणांचे सल्ले ऐकले होते, की उत्तरेश्वर झोपेतही 'पोटातला' असं पुटपुटायचा आणि वैष्णवी ओवा आणून द्यायची.

शेवटी तिनं एकदा मेथी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जे हरवायचंय, त्याच्याच खिशात पत्ता ठेवायचा व्हय?"

विषय तिथंच मिटला. कुमारला हे कळवलं तेव्हा त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, वहिनींचं बरोबर आहे, पण हे आतापर्यंत एकानंही कसं सांगितलं नाही.

रेकॉर्डर आला, काडेपेटीएवढा. दर थोड्या वेळानं एकेक तुकडा करून तो चित्र जपून ठेवायचा. स्वस्त असल्यामुळं एकच खोड होती. बटण दाबून बंद न करता वायर निघाली, तर हातातला तुकडा तो गिळून टाकायचा. कुमारनं बजावलं, "आधी बटण, मंग वायर. घाबरून उपटायची न्हाय."

"म्या काय लेकरू हाय का?" उत्तरेश्वर म्हणाला.

चंपाषष्ठीचा दिवस उजाडला. संध्याकाळी घरात तळी उचलायची म्हणून उत्तरेश्वरनं रजा टाकली होती. रामलिंग पहाटेच मेंढरं घेऊन बाहेर पडले होते. वैष्णवी भरताची वांगी भाजत होती, आणि तारामती, म्हणजे उत्तरेश्वरची आई, रोडग्याचं पीठ मळत स्वतःशीच गुणगुणत होती:

*माझ्या गं लेकाचं, इमान उडालं आभाळी*
*देव दिला सोबतीला, येईल घरी सांजवेळी*

ओवी तिची तिनंच रचलेली होती. असल्या ती चुलीपुढं रोज रचायची, म्हणून उत्तरेश्वरनं विमान काखेत मारताना ती ऐकली आणि सोडून दिली. आज विमान नाकाकडं जड वाटत होतं. त्याला वाटलं, रात्रीच्या थंडीनं बॅटरी जड झाली असेल. बॅटरी थंडीनं जड होत नसते हे त्याला माहीत होतं, पण उडवायची घाई होती.

विमान उडालं. गाव खाली सरकलं, तेरणा चकाकली, रेकॉर्डरचा लाल दिवा डोळा मारत राहिला. नदी ओलांडताना वारा पाठीशी लागला. नाक खाली जाऊ लागलं, उत्तरेश्वर वर ओढू लागला, आणि या ओढाताणीत विमान किती लांब गेलं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चित्रात मुंग्या आल्या. मग मुंग्याच राहिल्या. उत्तरेश्वर ताडकन उठला, चष्मा तोंडावर तसाच ठेवून नदीच्या दिशेनं धावला, आणि पाठीमागं वायर सटकन निघाली.

'म्या काय लेकरू हाय का' म्हणणारा माणूस पडक्या चेहऱ्यानं घरी आला, तेव्हा तारामती दारातच उभी होती.

"आलं का रं इमान?"

"गेलं, माय. नदीपल्याड कुठंतरी पडलं."

तारामती उंबऱ्यावर बसली. पिठाचे हात तसेच हवेत राहिले. मग ती अगदी हळू म्हणाली, "आरं, त्यात देव हाय."

मग सगळं बाहेर आलं. मागचं विमान गेलं तेव्हा लेक दोन दिवस नीट जेवला नव्हता. ट्रॅक्टरवर देव असतो, टमटममध्ये असतो, मग इमानात का नको? सकाळची पूजा झाल्यावर तिनं देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक पिवळ्या फडक्यात गुंडाळला आणि विमानाच्या पोटात, बॅटरीच्या पुढं, नीट खोचून दिला. हा तोच टाक, जो रामलिंग दरसाल अणदूरच्या खंडोबाला भेटवून आणायचे. संध्याकाळी तळीला तो ताटात हवा होता. आणि ताट रामलिंग स्वतः भरत.

"मामास्नी काय सांगायचं?" वैष्णवीनं विचारलं.

"सांगायचं न्हाय. आणायचा," तारामती म्हणाली.

रेकॉर्डर टीव्हीला जोडला. शेवटचा तुकडा गेलाच होता, पण त्याच्या आधीचा शाबूत होता. पडद्यावर तेर उमटलं आणि तारामती देवाला विसरली.

"आगं, आपलं घर एवढंसंच हाय? आन् ह्या आंगणात मी जलमभर झाडत बसले?"

तेवढ्यात शेजारची सत्यभामा रोडग्यासाठी तूप द्यायला आली आणि तूप हातात धरून खालीच बसली. तिला आपल्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं छत, वरून बघायचं होतं. देव हरवल्याचं तिला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तिघांनी हसऱ्या तोंडानं तिला माळवद दाखवलं. मग चिंच. मग पुन्हा माळवद. उन्हं कलू लागली तरी सत्यभामा हलेना. तिसऱ्या खेपेला मात्र ती पडद्याजवळ गेली.

"माझ्या माळवदावर ही कुणाची शेळी? डाळ खातीया माझी," असं म्हणत ती निघाली आणि तूप परत घेऊन गेली.

मग चित्र पुढं गेलं. नदी, नदीपल्याड विहीर, हिरवागार हरभरा. बाजूच्या पडीक रानात काळे दगड विखुरलेले, आणि त्यांच्यात हात पसरून उभं असलेलं एक बुजगावणं. त्यानंतर मुंग्या.

"ही तर सोमलिंगची हीर," तारामती म्हणाली. "पर त्याच्या रानात बुजगावणं कवा आलं?"

आईला मागं बसवून उत्तरेश्वरनं मोटरसायकल हाणली. पुलावरून जाताना तिनं त्याचा सदरा इतका घट्ट धरला होता, की त्याला वाटलं देव सापडेल पण सदरा जाणार.

सोमलिंगच्या रानात बुजगावणं कुठंच नव्हतं, पण ते शोधायला सवड कुणाला होती. हरभऱ्याच्या कडेला, कडुलिंबाखाली, वीस-पंचवीस माणसं जमली होती. मधोमध पाट, पाटावर टाक, टाकावर हळदीचा जाड थर चढलेला. नारळ फुटत होते. रानाचा धनी सोमलिंग सगळ्यांच्या कपाळी भंडारा लावत होता. तो नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, की आज चंपाषष्ठीला आभाळातून पांढरं पाखरू आलं, हरभऱ्यात देव ठेवला आणि दिसेनासं झालं. ओटा बांधायचं ठरलं होतं. दरसाल जत्रा भरवायचंही ठरलं होतं, आणि कुस्त्यांवर बोलणी चालू होती.

गर्दीच्या एका अंगाला, पसरलेल्या घोंगड्याशेजारी, रामलिंग बसले होते.

तारामतीचे पाय तिथंच थबकले. नवऱ्यासमोर खरं सांगावं तर घरात बसून देव उडवल्याचं उघडं होणार, आणि न सांगावं तर देव सोमलिंगच्या ओट्यावर जाणार. ती एकदा नवऱ्याकडं बघत होती, एकदा देवाकडं. मग तिनं पदर खोचला आणि गर्दीतून वाट काढली.

"सोमलिंग भाऊ, ह्यो देव आमचा हाय."

सगळे तिच्याकडं वळले. सोमलिंगला राग आला नाही, वाईट वाटलं. "वैनी, आभाळातनं आलेला देव तुमचा कसा?"

"त्याच्या घोड्याचा कान वाकडा हाय. माझ्या लेकानं रांगत असताना चावलाय."

सोमलिंगनं अंगठ्यानं हळद पुसली. घोड्याचा कान वाकडा होता. त्यानं एकवार टाकाकडं बघितलं, एकवार तारामतीकडं, आणि झटकन वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाईनं लांबूनच वळखला. हळदीखालचा कान बघितला," तो मागं वळून लोकांना म्हणाला. लेकानं चावल्याचं कुणी ऐकलंच नव्हतं. खरं सांगून झालं होतं, आणि त्याचाच चमत्कार झाला होता. तारामती पुन्हा समजावू लागली तसे आणखी चारजण पाया पडले. मग तिनं नाद सोडला.

देव वाजतगाजत निघाला. हलगी पुढं, टाकाचं ताट डोक्यावर घेतलेली तारामती मधे, भंडारा उधळणारा सोमलिंग मागं. रामलिंग घोंगड्याचं गाठोडं काखेत घेऊन, मेंढरं हाकत सगळ्यांच्या शेवटी चालत होते. तारामतीला मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर रामलिंगनं हातपाय धुतले, देव्हारा उघडला आणि टाकाची रिकामी जागा रुमालानं पुसून टाक तिथं ठेवला. रिकामी का, हे त्यांनी विचारलं नाही.

"आवं," तारामती म्हणाली, "तुमास्नी ठाऊक व्हतं?"

"घोड्याचा कान म्यासुदिक वळखतो." त्यांनी घोंगडं सोडलं. आत विमान होतं, नाक चेपलेलं, पण पंख शाबूत. "आमी दोघं बी पळालो. सोमलिंग देवाकडं पळाला, म्या इमानाकडं. चूक माझीच झाली. आधी देव उचलाया पायजे व्हता."

तारामतीनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं वाटलं, पण ती हसत होती. तळी उचलली, 'येळकोट येळकोट जय मल्हार' घुमलं, भरीत-रोडगा झाला. वैष्णवीनं नवऱ्याला एवढंच सुचवलं, की पुढच्या वेळी विमान आपल्याच माळावर पाडावं, न्हाईतर प्रत्येकाच्या रानात जत्रा भरेल.

सोमलिंग घरी गेल्यावर उत्तरेश्वरनं टीव्ही लावला. आता घाई नव्हती. नदी आली, विहीर आली, काळे दगड आले. निवांत बघितल्यावर कळलं, की दगड चरत होते. त्यांच्यातलं बुजगावणं हात हलवत विमानाकडं धावत होतं. मग त्यानं डोक्यावरचा पटका सोडला आणि लग्नात नाचणाऱ्या पोरासारखा तो वर आभाळात भिरकावला.

सगळे रामलिंगकडं बघत होते. रामलिंग भिंतीकडं बघत होते.

"त्यो म्या न्हाय," ते म्हणाले.

मुंग्या आल्या. वैष्णवीनं टीव्ही बंद करायला हात पुढं केला, तसे रामलिंग खाकरले.

"ऱ्हाऊ दे की. मागं घे जरा. मेंढरं नीट दिसली न्हाईत."