मास्तर मंगळावरून परत आले का?

साळवे काकांनी मला फसवलं. माझ्या दुकानातून पितळी नळ नेला आणि बदल्यात शेवटचं प्रकरण नसलेली कादंबरी दिली. हातगाडीपासून सुरुवात करून गारखेड्यात हार्डवेअरचं दुकान उभं केलेला माणूस मी. भल्याभल्या एजंटांना मी घाम फोडलाय.

पण ती कादंबरी पाहिली आणि घासाघीसच विसरलो. चार खेडवळ पोरं सायकलचे सुटे भाग अन् जुना रेडिओ जोडून यान बनवतात, आणि मंगळावर अडकलेल्या आपल्या मास्तरांना आणायला निघतात. सातवीत शाळा सोडून गाडी ओढायला लागलो, तेव्हा ती माझी अर्धीच वाचून राहिली होती. या वेळी पोरांनी मंगळावर मास्तरांचं दार वाजवलं, आणि पुढची पानं ब्लेडनं कापलेली.

तणतणत काकांच्या घरी गेलो. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, काकू गेल्यापासून एकटा. मुलगा पुण्याहून रोज फोन करतो, घर विकून इकडं या म्हणतो. काकांनी खुर्ची सरकवली. "बसा शेठ. उभ्यानं शेवट सांगत नसतो मी."

चहा संपल्यावर म्हणाले, "मास्तर परत आले. गावानं बैलगाडीतून मिरवले."

मी खूश. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेख टेलरला सांगितलं. त्यानं ती कादंबरी काकांकडून माझ्याआधीच नेऊन वाचली होती. त्याची कात्री थांबली. "कौन आया परत? मास्तर उधरीच मर गए. काका खुद बोले मेरे कू. मैं रोया ना, सेठ."

ब्लाउज न्यायला आलेल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "मुळात रेडिओनं यान उडतच नाही. आणि मास्तर मेले नाहीत. पोरांनी त्यांच्यासोबत तिथंच शाळा काढली. मला काकांनीच सांगितलं."

एकच माल, तीन गिऱ्हाइकं, तीन भाव. संध्याकाळी आम्ही तिघं काकांच्या दारात.

काकांनी शांतपणे चार कप मांडले. "शेवट कळला की माणूस पुस्तक ठेवतो अन् निघून जातो," ते म्हणाले. "भांडण राहिलं की परत येतो."

आम्ही भांडलोच. मास्तर मेल्याशिवाय कहाणीत दम नाही, म्हणून शेखनं टेबल आपटलं. बाई यानाच्या इंधनावर घसरल्या. मी दोघांवर ओरडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी क्षणभर मुलाचं ऐकलं, मग हात लांब करून फोन आमच्याकडं धरला.

"इथं माझं कोण हाय म्हणतोस ना? ऐक."

घर विकायचं तूर्त थांबलंय. आम्ही दर रविवारी जातो, कधी बाई नवा वाचक घेऊन येतात. पण फसवणूक ती फसवणूक. कापलेली पानं कुठं आहेत, मास्तर परत आले का नाही, याचा जाब काकांनी मला दिलाच पाहिजे. येत्या रविवारी पुन्हा विचारणार आहे. बसून.