अजगराचे डोळे आणि सुंदरीची धार

विजयसिंह सरनोबतांना आपल्याच अजगराच्या डोळ्यांचा रंग आठवेना, तिथून सगळा घोळ सुरू झाला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळता सांभाळता त्यांनी उडत्या अजगरांची चारशे पानांची कादंबरी लिहिली होती. दुसरा भाग अर्ध्यात आला होता, पण पहिल्याच्या सगळ्या प्रती त्यांनी पाहुण्यारावळ्यांना वाटून टाकल्या होत्या. एखाद्याकडं मागायला गेलं की तो घाईघाईनं "वाचली, झकास हाय" म्हणून चहा मागवायचा. त्यात आदल्याच दिवशी प्रकाशकाचा फोन येऊन गेला होता : "वाचक नाहीत हो. दुसरा भाग राहू द्या."

शेवटी दुपारी ते वाचनालयात गेले. ग्रंथपाल फरहीननं टेबलावरची कादंबरी पुढं केली.

"नशीब तुमचं, काका. हे पुस्तक कधी कपाटात गावतच न्हाय."

मागचा कागद तारखांच्या शिक्क्यांनी भरला होता. विजयसिंहांचा ऊर भरून आला.

"किती जणांनी वाचली?"

"एकानंच. पंधरवडा झाला की सकाळी परत आणतो आन सांजच्याला पुन्हा न्हेतो. नऊ वेळा झालं."

नऊ वेळा! कोण असेल हा रसिक? पुस्तक घेऊन घरी आल्यावर त्यांनी बायकोला, संयोगिताला, हे तीनदा सांगितलं. अजगराचे डोळे मात्र सापडले नाहीत, कारण प्रत्येक पानावर ते स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन थांबत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार धडाधडा वाजलं. बाहेर शेणानं माखलेल्या पायांचा एक दांडगा गडी.

"मी जोतीराम. फरहीनताईनं पत्ता दिला. पुस्तक तुम्हीच न्हेलासा न्हवं? बिगीनं द्या, म्हस पान्हवंना."

"कोण पान्हवंना?"

"आमची सुंदरी. आई धार काढती, मी शेजारी बसून वाचून दाखवतो. तिला आता अक्षरं दिसत न्हाईत. पर म्हशीलाबी सवय लागली की! काल सांजचं पुस्तक न्हाय, तर दूध न्हाय. आज पेपर वाचून बघिटला, तिनं बादलीच उलथली."

विजयसिंहांचा चेहरा पडला. "म्हणजे माझी कादंबरी म्हस ऐकती?"

"आईबी ऐकती की. चला, गिऱ्हाईक खोळंबलंय."

मोटारसायकलवर मागं बसून, पुस्तक पोटाशी धरून ते दूध कट्ट्यावर पोचले, जिथं गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढून ताजं दूध विकतात. दहा-बारा माणसं रिकामे ग्लास घेऊन म्हशीकडं डोळे लावून उभी होती. जोतीरामची आई बनाबाई म्हशीच्या बुडाला बसली होती. विजयसिंहांनी घसा साफ केला आणि सभेत वाचतात तशी सुरुवात केली. सुंदरीनं शेपटी फिरवली, ती थेट त्यांच्या चष्म्यावर.

"पावणं, भाषण नगो," बनाबाई म्हणाली, "घरात बोलल्यागत वाचा."

त्यांनी आवाज उतरवला. अजगर डोंगर ओलांडेपर्यंत बादलीत चर्र चर्र धार वाजू लागली. ग्लास भरले, तरी पिणारे हलेनात. मिशीला फेस लागलेला एक जण म्हणाला, "मग? गावला का त्यो अजगर?"

विजयसिंहांना हुंदकाच आला. प्रकाशन समारंभालाही एवढे लोक नव्हते.

"आई, पुस्तक ह्येंनीच लिवलंय," जोतीराम म्हणाला.

"व्हय?" बनाबाईनं पदराला हात पुसले.

विजयसिंह हळूच म्हणाले, "मावशी, एक विचारू? अजगराचं डोळं कसलं होतं?"

"हिरवं. डावा जरा फिक्का. ल्हानपणी चुन्याच्या खड्ड्यात पडलता न्हवं?"

पडला होता खरा! ते वाक्य लिहिलेली दुपारही त्यांना आता आठवली. आपण लिहून विसरलो आणि या माउलीनं सांभाळून ठेवलं, या विचारानं त्यांचे डोळे पुन्हा भरले.

"फुडचा भाग कवा?" बनाबाईनं विचारलं.

"प्रकाशक नको म्हणतोय."

"त्येचा काय संबंध? सुंदरी दिवाळीला आटंल. त्याच्या आत आणा. आन त्या म्हाताऱ्या चेटकिणीला मारू नगासा, सांगून ठेवती."

अर्ध्यात आलेल्या दुसऱ्या भागात चेटकीण तिसऱ्या प्रकरणातच मेली होती. विजयसिंह घरी आले ते थेट टेबलाशी जाऊन बसले. तिसरं प्रकरण टराटरा फाडायचा आवाज ऐकून संयोगिता बाहेर आली.

"अवो, ह्ये काय? तयार झाला व्हय प्रकाशक?"

"प्रकाशक कुठला! म्हस," कोरा कागद ओढत विजयसिंह म्हणाले. "दिवाळीपातूर मुदत दिलीया."