चंचलच्या बाबांचा वाघ

“यंदाचा पहिला नंबर आपला! लिहून ठेव!” प्रवीणनं टेबलावर अशी थाप मारली, की बशीतली दोन बिस्किटं थेट चहात बुडाली.

“आपला म्हंजे? चंचलचा का तुमचा?” त्याच्या बायकोनं, दिव्यानीनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. प्रदर्शन शाळेचं, पोरांसाठी. पानं, बिया, काड्या, माती, रानात जे सापडेल त्याची वस्तू करून आणायची. तिसरीतल्या चंचलनं पळसाच्या पानांचा ससा करायचं ठरवून पानंही धुऊन ठेवली होती. पण बापाला ससा पटेना.

“चंद्रपूर जिल्ह्यात राहून ससा? लोक हासतीन ना! वाघ बनवू, वाघ!”

“बाबा, मले ससाच येते बनवता.”

“तू फक्त पाहून घे. बापाचा हात लागला का मातीचं सोनं होते!”

प्रवीण मूळचा बल्लारपूरचा. गोंडपिपरीच्या कचेरीत बाबू म्हणून येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. एवढ्या दिवसांत जंगल आपल्याला पाठ झालं, असा त्याचा पक्का समज. खरं सांगायचं तर त्याला एकच झाड ओळखू येई, सागवान, आणि तेही पलंग झाल्यावर!

रविवारी पहाटे, हातपाय गारठून गेलेले असताना, तो मोटारसायकल घेऊन निघाला. नाल्याच्या काठी झुडपावर एक वेल चढली होती. तिला शेंगांचे घोस लटकत होते. सोनेरी, तपकिरी, मखमलीसारख्या लवीच्या शेंगा! दवानं ओल्या होऊन चमकत होत्या. प्रवीणचं काळीज सुपाएवढं झालं. हे तर आयतं वाघाचं कातडं!

ती होती खाजकुयली. तिची लव अंगाला लागली तर माणूस भिंतीला पाठ घासत फिरतो. पण दवात भिजलेली लव चिकटून, गुपचूप बसली होती.

नाल्यापलीकडून गावातला बुधू जळाऊ लाकडं घेऊन चालला होता. त्यानं हे पाहिलं आणि मोळी टाकून तो ओरडला, “भाऊ, खाज सुटन! खाज सुटन!”

वाऱ्यानं अर्धा आवाज खाल्ला. प्रवीणच्या कानाशी पोचलं ते, “वाघ उठन! वाघ उठन!”

बुधूनं समजावं म्हणून स्वतःचं अंग दोन्ही हातांनी ओरबाडून दाखवलं. प्रवीणला वाटलं, वाघ कसा पंजे मारतो ते सांगून राह्यला! त्यानं शेंगा भसाभस थैलीत कोंबल्या आणि गाडीला अशी किक मारली, की चप्पल तिथंच राहिली.

घरी येऊन त्यानं धानाच्या तणसाचा सांगाडा बांधला, ओल्या ओल्या शेंगा डिंकानं चिकटवल्या, कोळशानं पट्टे ओढले, डोळ्यांना गुंजा लावल्या. संध्याकाळपर्यंत बोकडाएवढा वाघ उभा! चंचल लांबूनच पाहत होती. तिला डिंकाच्या डबीचं झाकण धरायचं काम मिळालं होतं.

मनगटं जरा चुणचुणत होती. प्रवीणनं लगेच कारण शोधलं. “दिव्यानी, हा कोणता साबण आणला तू?”

“हप्ताभरापासून त्याच साबणानं आंग धुता तुम्ही!”

“म्हणूनच!”

सोमवारी शाळेच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन मांडलं. वाघाला खिडकीजवळची जागा मिळाली. तिथं छान ऊन येत होतं. दव वाळलं, लव मोकळी झाली. वाघ तयारीला लागला!

आणि पाहुणे कोण? प्रवीणच्याच कचेरीतले मोठे सायब! त्यांना पाहताच प्रवीणची छाती आणखी दोन इंच फुगली. आता उद्यापासून कचेरीत आपली इज्जत किती वाढेल! सायबांनी शकुबाईच्या हातचे गरम पोहे खाल्ले, मग एकेक वस्तू पाहत वाघाशी येऊन थांबले.

“वा रे वा! अस्सल कातडंच वाटते!” त्यांनी वाघाच्या पाठीवरून हात फिरवला. एकदा नाही, तीनदा. मग तोच हात स्वतःच्या गळ्यातल्या झेंडूच्या हारात घालून हार सरळ केला.

“कोणं बनवला?”

“माह्या पोरीनं, सायब! सारा तिनंच! मी तर हातबी नाई लावला!” प्रवीण म्हणाला. चंचलनं बापाकडे असं पाहिलं, की त्याला खिडकीबाहेरचं झाड पाहावं लागलं.

हेडबाई नीलाबाईंनी फोटोसाठी वाघाला लेकरासारखं कडेवर घेतलं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली.

सायबांनी मान खाजवली. मग गळा. मग शर्टाचं वरचं बटन उघडून छाती. नीलाबाईंनी वाघ खोलीच्या मधोमध टेकवला; त्यांचा एक हात पदराखाली, दुसरा कोपराशी. फोटो काढणारे गुरुजी एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायानं पोटरी घासत होते. दोन मिनिटांत सारी खोली अशी उड्या मारायला लागली, जशा चुलीवरच्या तव्यात लाह्या!

“हारात किडे हायेत!” सायबांनी हार फेकला.

“किडे नाई सायब, पोहे! पोह्यांतून झालं हे!” कोणीतरी ओरडलं.

साऱ्या माना शकुबाईकडे वळल्या. शाळेत खिचडी शिजवून घर चालवणारी बाई ती. हातातला झारा तसाच राहिला.

“माहे पोहे? मी सकाळपासून तेच खाऊन राह्यली ना जी! मले कुठी काय झालं?”

“उद्यापासून येऊ नोका तुम्ही!” नीलाबाई पाठ भिंतीला घासत म्हणाल्या.

शकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रवीणनं तिच्याकडे पाहिलं, आपल्या फोड आलेल्या मनगटांकडे पाहिलं, वाघाकडे पाहिलं. डोक्यात लख्ख उजेड पडला. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? पण पाय आपोआप पुढे सरकले.

“म्याडम... पोह्यानं नाई झालं. वाघानं झालं!”

मागच्यांना यातला एकच शब्द ऐकू आला.

“वाघ! वाघ आला!!”

आपल्याकडे हा शब्द काय खेळण्यातला आहे काय! पटांगणातली सारी माणसं पोरं उचलून खोलीत घुसली. दार लागलं, कडी लागली, कडीला बाकडं लागलं. दीडशे माणसं एका खोलीत, आणि मधोमध लव उडवत उभा तो! कोणी वनखात्याला फोन लावत होतं, कोणी खाजवत होतं, बहुतेक जण दोन्ही करत होते.

प्रवीणला राहवेना. तो बाकावर चढून ओरडला, “दार उघडा! वाघ बाहेर नाई! वाघ आतच हाये!!”

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. खिडक्यांतून माणसं अशी पडली, जशी फाटक्या पोत्यातून धान! सायब तिसऱ्या खिडकीतून गेले, तेही बूट न घालता.

पटांगणात धूळ खाली बसल्यावर प्रवीणनं हात जोडून सारं सांगितलं. शेंगा, नाला, सारंच.

“अरे देवा, खाजकुयली!” शकुबाईनं कपाळाला हात लावला. “थांबा, शेण आणते! शेणानंच जाते ही खाज!” शेजारच्या गोठ्यातून तिनं घमेलं भरून आणलं आणि रांग लावली. सायबांच्या मानेला तिनं जरा जास्तच जोर लावून चोळलं. नीलाबाईंनी शेणाच्या लेपातूनच तिची माफी मागितली आणि उद्या वेळेवर या म्हणून सांगितलं.

मग त्या प्रवीणकडे वळल्या. “म्हंजे वाघ तुम्ही बनवला?”

“हो जी.”

“पोरानंच बनवायचं, असा नियम हाये. बाद!”

हे ऐकून मागे काय हालचाल झाली! चार-पाच बाप मान खाली घालून खोलीत गेले आणि आपापल्या पोरांच्या वस्तू हळूच थैलीत भरू लागले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले आणि पाहता पाहता टेबलं रिकामी झाली.

“बाबा,” चंचल हळूच म्हणाली, “मी ससा बनवला असता ना...”

“हो बेटा,” प्रवीण म्हणाला.

तोवर शकुबाईनं पुन्हा पोहे टाकले होते. आपल्या पोह्यांचं नाव साफ झालं, म्हणून ती आग्रह करकरून वाढत होती. सगळ्यात मोठी बशी तिनं प्रवीणला दिली, वर शेंगदाणे जास्त.

प्रवीणनं मुकाट्यानं सारे पोहे संपवले. शेणाच्या घमेल्यानंतर तिनं हात धुतले होते का, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.