धूर कथाईन उना?

नाना भामरे कुणाच्याही घरी आले की आधी त्यांचं नाक आत येतं आणि मागून नाना. चप्पल काढता काढता ते दोनदा हुंगतात आणि विचारतात, "धूर कथाईन उना?" म्हणजे धूर कुठून आला. आपण म्हणावं, कसला धूर, काही नाही हो. मग नाना घरभर हिंडतात, देवघरापाशी वाकतात आणि निकाल देतात, "सकाळनी अगरबत्ती शे. कोळसा जास्त, चंदन नावाला." एकदा माझ्या धाकट्या दिराने गच्चीवर चोरून ओढलेली सिगारेट त्यांनी खाली अंगणात उभं राहून ओळखली, तीही ब्रँडसकट. घरात दोन दिवस रामायण झालं. तेव्हापासून नाना पुढच्या दाराने आले की दीर मागच्या दाराने जातात.

आमची भुसावळात भिंतीला भिंत. मी शाळेत गणित शिकवते. नानांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली. मूळचे साक्रीकडचे, त्यामुळे जिभेवर अहिराणी. समोर मास्तरीणबाई आहे म्हणून माझ्याशी शुद्ध बोलायला जातात, आणि राग आला किंवा मन भरून आलं की दोन वाक्यांत परत साक्रीला पोचतात.

त्यांची एक दोनशे पानी वही आहे. तीत धुराला दहापैकी मार्क असतात. चहाच्या कपाला एक, अगरबत्तीला तीन, बिडीला पाच, भरिताच्या जाळाला आठ आणि लग्नघरच्या चुलीला दहा. मी एकदा म्हटलं, "नाना, चहाची वाफ म्हणजे धूर नव्हे." तर म्हणाले, "म्हणूनच एक दिला, बाई. नाहीतर दोन दिले असते." आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य, "बठ्ठा धूर एकसारखा नही शे," म्हणजे सगळा धूर सारखा नसतो.

मागच्या थंडीत एरंडोलजवळ माझ्या भावाच्या शेतावर भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी वांगी, बाजूला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. पंगत बसली तशी नानांनी बोट ओलं करून हवेत धरलं आणि सगळ्यांना उठवून पलीकडे बसवलं. थोड्या वेळाने वारा फिरला, परत उठवलं. तिसऱ्यांदा उठवलं तेव्हा भाऊ माझ्या कानात म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी या माणसाला भरीत घरपोच देऊ." मीही हसले. नाना कुणासाठी एवढा आटापिटा करत होते हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कारण ती बाई माझ्या शेजारीच बसली होती आणि पदर तोंडाला लावून खोकत होती.

ती म्हणजे अक्का, नानांची बायको. आमच्या क्लबातली सगळ्यात चांगली नेमबाज.

आता क्लबाचं सांगते. शांतीलालशेठ नावाचे आमचे कापडाचे व्यापारी आहेत. त्यांची जुनी जिनिंग बंद पडली आणि कापसाची लांबलचक शेड रिकामी राहिली. शेठनी रीतसर परवाने काढून तिथे पिस्तूल नेमबाजीचा क्लब सुरू केला. मी तिथली सेक्रेटरी आहे. पहिल्या मीटिंगला मी पाणी मागायला हात वर केला होता, तो इच्छुक म्हणून मोजला गेला. काडतुसं भरण्याचं काम नानांकडे. त्याचाही परवाना आहे, कुलपाची खोली आहे, रजिस्टर आहे, आणि प्रत्येक पानावर माझी सही आहे.

अक्का तिथे यायच्या त्या नानांचा डबा घेऊन. एक दिवस शेठ गमतीने म्हणाले, "अक्का, एकदा बघा तरी नेम धरून." प्रशिक्षक शेजारी उभे राहिले, अक्कांनी पदर खोचला, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे मफ चढवले आणि पाच गोळ्या सोडल्या. चार मधल्या काळ्या गोलात. प्रशिक्षकांनी जाऊन भोकं दोनदा मोजली. अक्का म्हणाल्या, "भाकर थापताना हात हालला तर भाकर फाटते. त्यात काय मोठं?" आणि डबा उघडायला बसल्या.

त्याला दोन वर्षं झाली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी बाईला असं काही सापडलं की तिचं चालणं बदललं. पूर्वी बाजारात नानांच्या मागे दहा पावलं असायच्या, आता पुढे असतात. धुळ्याला ज्येष्ठ महिलांच्या स्पर्धेत उतरायचं नक्की झालं होतं.

पण खोकला वाढला. शेड बंदिस्त, वीज गेली की पंखे बंद, आणि चार जणांनी गोळ्या सोडल्या की आत ढग उभा राहायचा. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सरळ सांगितलं, "जिथे धूर तिथे अक्का नाही. तीन महिन्यांची मुदत देतो. छाती अशीच वाजत राहिली तर पिस्तूल बंद." घरी आल्यावर अक्कांनी मफ धुऊन, पुसून पिशवीत घालून माळ्यावर टाकले. नानांनी ते स्टुलावर चढून खाली काढले. तेव्हापासून आमचे नाना धुराच्या मागे हात धुऊन लागले.

आधी माझ्या शाळेतला एक मोडका फळा मागून नेला आणि नेमबाजाच्या शेजारी उभा केला. काळ्यावर धूर स्वच्छ दिसतो. कुणी गोळी सोडली की नाना फळ्यासमोर उकिडवे बसून बघायचे, मग काडतुसाची रिकामी पितळी खोळ उचलून हुंगायचे आणि मार्क द्यायचे. "सात." पुढची. "साडेसहा." नेमबाज बिचारा विचारायचा, नाना, गोळी कुठे लागली? नाना म्हणायचे, "ते तू पाहा. मी धूर पाही राह्यनू."

जुनी शिशाची गोळी पिस्तुलाच्या नळीत घासू नये म्हणून तिला मेणचट वंगण लावतात. ते जळतं आणि धूर होतो. म्हणून नानांनी शेठच्या मागे लागून लेप दिलेल्या गोळ्या मागवल्या. लालभडक, अंगभर झगा घातल्यासारख्या. या गोळीला वंगण लागतच नाही, झगाच पुरतो. सगळे म्हणाले, चला, सुटलो. फळ्यावर धूर सातावरून पाचावर आला आणि तिथेच अडून बसला.

मग नानांनी संशयितांची यादी केली. काडतुसातली दारू बदलली, तरी पाच. नळ्या घासूनपुसून लख्ख केल्या, तरी पाच. शेठ रोज शेडच्या दाराशी अगरबत्ती लावायचे, तिच्यावर बंदी आली. शेठ म्हणाले, "नाना, जिनिंग होती तेव्हापासून लावतो आहे, कापूससुद्धा कधी तक्रार करत नव्हता." तरी पाच. मी म्हटलं, नाना, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गणित सुटायचं नाही. त्यांनी वहीत रकाने पाडले. दारू, गोळी, नळी, हवा, वार, एवढंच काय, कुणी खोळ हुंगली तोही रकाना होता. सगळे रकाने भरले आणि मुदतीचे आठ दिवस उरले. डॉक्टरांना न सांगता अक्का अधूनमधून सराव करत होत्या आणि दोन गोळ्यांनंतर बाहेर जाऊन पायरीवर बसत होत्या. मला ते बघवत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी रजिस्टरवर सही करायला कुलपाच्या खोलीत गेले. अक्का चहा घेऊन दाराशी उभ्या. नाना काम करता करता मला दारूचे दोष समजावत होते. डोळे माझ्याकडे, तोंड चालू, आणि हात आपल्या मनाने चाललेले. एक लाल गोळी उचलायची, उजेडात फिरवायची, अंगठा शेजारच्या पितळी डबीत टेकवायचा, गोळी अंगठ्याखाली एक वळण फिरवायची, ठेवून द्यायची. पुढची.

अक्का म्हणाल्या, "त्या डबीमा काय शे?"

"कोणत्या डबीमा?" नाना म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

डबीत वंगण होतं. नोकरीची सगळी वर्षं त्या अंगठ्याने तेच केलं होतं, आणि आता झगा घातलेल्या गोळीलाही तो इमानेइतबारे मेण चोपडत होता. नानांच्या वहीत वाराचा रकाना होता, अंगठ्याचा नव्हता. मला हसू आवरेना. काखेत कळसा म्हणतात तो हा, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि नानांचा चेहरा पाहून मिटलं.

त्यांनी डबीचं झाकण लावलं. म्हणाले, "बाई, धूर मन्हाच हातना शे." डबी दूर सरकवली. मग, "पहिलाबी मन्हाच हातना व्हता."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्यांचं लग्न झालं त्यानंतर काही वर्षांनी गॅसचा नंबर लागला. टाकी दारात आली. नानांनी ती परत पाठवली. दिवसभर कारखान्यात स्फोटकं हाताळायची, आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकघरात तसलंच काही उभं आहे, ही कल्पना त्यांना सहन होईना. आजूबाजूच्या सगळ्या घरांत गॅस आला. यांच्या घरात आणखी पंधरा वर्षं चूल पेटत राहिली, पऱ्हाट्यांची. मुलाने स्वतःच्या पगारातून टाकी आणली तेव्हा ती बंद झाली. "मी हिला जपायला गेलो, बाई," नाना म्हणाले. "आणि रोज दोन वेळा हिच्या छातीत धूर भरला. दहापैकी दहाचा." इतकी वर्षं मी या माणसाच्या नाकाला हसत आले होते, मला माझीच लाज वाटली.

अक्कांनी चहा खाली ठेवला. म्हणाल्या, "मीबी तव्हा बोलनू नही. बोलायला पाहिजे होतं. आता बोलते. उठा, साबणाने हात धुवा आणि नव्या भरा. चहा निवतोय."

नानांनी तीनदा हात धुतले. डबी माझ्या स्वाधीन केली, ती अजून माझ्या शाळेच्या कपाटात आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर सगळा क्लब जमला. अक्कांनी गोळी सोडली. नानांनी पाहिलं, खोळ हुंगली, परत हुंगली. "दोन," ते म्हणाले. "चहापेक्षा एकच जास्त." अक्कांनी पूर्ण सराव केला. एकदाच खोकल्या, तेही शेठच्या अत्तराने.

डॉक्टरांनी मुदतीच्या दिवशी छाती ऐकली. गेलेलं सगळं परत येत नाही, म्हणाले, पण आवाज निवळलाय. दर महिन्याला दाखवा आणि खेळा.

धुळ्याला अक्का तिसऱ्या आल्या. मी आणि शेठ दुर्बिणीतून निशाणाकडे बघत होतो. नाना एकटेच अक्कांच्या डोक्यावरच्या हवेकडे बघत होते. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी विचारलं, "काका, कितीचा लागला?" नाना म्हणाले, "दीड." गृहस्थांना फार वाईट वाटलं. त्यांनी नानांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

परतताना भावाच्या शेतावर गाडी थांबवली, कारण पदक गळ्यात घालून अक्कांना भरीत खायचं होतं. भावाने जाळ केला, तशी नानांनी त्याच्या हातातली काठी घेतली. अक्कांसाठी खुर्ची दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवली आणि स्वतः जाळापाशी बसले. जन्मात कधी वांगं भाजलं नव्हतं. अक्का लांबून हुकूम सोडत होत्या, "उलटं करा, एक बाजू करपी राह्यनी." नाना उलटं करत होते, खोकत होते, डोळे पुसत होते. धूर सगळा त्यांच्याच अंगावर येत होता.

मी म्हटलं, "नाना, इकडे या की जरा बाजूला. आणि याला किती मार्क?"

त्यांनी वांगं परतलं. "याले मार्क नही, बाई," ते म्हणाले. "हाऊ धूर मन्हा वाट्याना शे. येऊ द्या."