गाडी न येणाऱ्या रस्त्यावरची शेड

आमच्या प्रभागाचे नगरसेवक दाजी खवणेकर यांनी विजेच्या ट्रान्सफॉर्मरसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, तेव्हा मी बातमीदार म्हणून जवळच उभा होतो. टोपी सारखी करून, हात जोडून, देवळात लावतात तोच खणखणीत आवाज त्यांनी लावला.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हय जमलेली आसत. हो डीपी रोज तिनसांजेक धूर काडता. तेच्या पोटात जा काय दुखणा आसात, तां बारा वाटांनी भायर काड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लोक एका सुरात म्हणाले. त्यात खांबावर चढलेला वायरमनही होता.

थोड्या वेळाने दिवे लागले. दरम्यान वायरमनने फ्यूज बदलला होता, याची कोणी दखल घेतली नाही. खाली उतरल्यावर त्यानेही दाजींनाच नमस्कार केला.

गाऱ्हाणे देवासमोर घालतात, एवढेच मला तोवर माहीत होते. दाजींनी ते नळयोजनेच्या पंपासमोर, तुंबलेल्या गटारासमोर आणि एकदा चिखलात रुतलेल्या घंटागाडीसमोर घातलेले मी नंतर पाहिले. “देव खंय नाय, ती जागा माका दाखय,” असे ते म्हणतात. अशी जागा कोणालाही दाखवता आलेली नाही.

फोन उचलला की ते “बोल, माझ्या म्हाराजा” म्हणतात. कोणी “दाजी, एक इचारूचा होता” असे सुरू केले, तर लगेच अडवतात, “इचारू नको, सांग.” उद्घाटनाची फीत ते कापत नाहीत. गाठ सोडतात, फीत गुंडाळतात आणि खिशात घालतात. एकदा मंचावर पाहुणे कात्री हातात घेऊन उभे राहिले होते आणि दाजी फीत घेऊन खाली उतरले होते.

माडावरून भांडणारे दोन शेजारी त्यांच्याकडे आले. माड एकाचा, नारळ पडत दुसऱ्याच्या कौलांवर. दाजींनी दोघांना त्याच माडाखाली उभे केले आणि गाऱ्हाण्यातच निकाल दिला, की ज्याची कौले फुटतील त्याने नारळ घ्यावा आणि ज्याचा माड त्याने कौले बदलून द्यावीत. दोघेही सवयीने “व्हय म्हाराजा” म्हणून बसले. माडवाला घरी गेल्यावर कपाळावर हात मारून घेत होता, पण कौले त्याने बदलून दिली. गाऱ्हाण्याला दिलेला होकार आमच्याकडे कोणी मागे घेत नाही.

हीच सवय नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत उपयोगी पडेल, असे मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

दाजींनी बंदराकडच्या जुन्या रस्त्यावर प्रवासी शेड मागितली होती. सभागृहात हशा पिकला. वरचा नवा रस्ता झाल्यापासून जुन्या रस्त्याने एसटीची गाडी येतच नाही. विरोधी बाकांवरचे फ्रान्सिस फर्नांडिस उठले. त्यांचे घर त्याच रस्त्यावर आहे.

“दाजी, गाडी नाय थंय शेड? उद्या डोंगरार जेटी मागशात.”

“मागान. तू फक्त समुद्र वर घेवन ये,” दाजी म्हणाले.

अध्यक्षांनी विषय पुढे ढकलायचा विचार बोलून दाखवला. विषय यापूर्वीही पुढे ढकलला गेला होता. दाजी उभे राहिले, टोपी सारखी केली, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! हय बसलेली ही तुझीच लेकरां. जो कोण वाटेर उनात उभो आसा, तेच्या डोक्यार सावली दी. तेची गाडी येवंदे, नाय येवंदे, तेका बसाक जागा दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सत्ताधारी म्हणाले, विरोधक म्हणाले, चहा घेऊन आलेला शिपाई म्हणाला. पत्रकारांच्या बाकावरून मीही म्हणालो. लिपिकाने मान खाली घालून ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले.

मग सगळ्यांना भान आले. कोणी हरकत घ्या म्हणाले, पण आधी कोण घेणार, हे ठरेना. सर्वांनी फ्रान्सिसकडे पाहिले. ते खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिले. सभा संपली.

शेड बांधून झाली. संपादकांना मथळा आधीच सुचला होता: ‘गाडी नाही, पण शेड आहे’. फोटो काढायला मी दुपारी जुन्या रस्त्यावर गेलो.

शेडमध्ये एक बाई बसली होती. नीटनेटके पातळ, केसांत अबोली, बाजूला कपड्यांची पिशवी. शेडबाहेर, भर उन्हात, दाजी उभे होते. मी कॅमेरा काढत असताना फ्रान्सिसनी आपल्या कुंपणाआडून मला हाताने बोलावून घेतले.

“फोटो नको,” ते हळू म्हणाले. “ती तेची बायल.”

मी चक्रावलो. दाजींची बायको मुंबईला मुलीकडे असते, असे दाजीच सर्वांना सांगत.

“खंयची मुंबय. घरातच आसा. तिका आता कायएक आठवणा नाय. रोज जेवल्यार म्हायेराक जावक भायर पडता. आडवली तर रडता. म्हणान तो हय आणता. इतके दिस दोघांय उनात उभी रवत.”

“पण सभेत तुम्हीच विरोध केलात.”

“विरोधक आसंय, विरोध नको करूक?” फ्रान्सिस म्हणाले. “पण ‘व्हय’ म्हटलंय, तां मनापासून.”

वाडीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. बातमी मिळवणे हा माझा व्यवसाय आणि मला कोणी एका शब्दाने सांगितले नव्हते. कॅमेरा मी पिशवीत ठेवला. कुंपणाआडून दोघांचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

“गाडी येतली मां?” बाईंनी विचारले.

“येतली. जरा लेट आसा.”

“तुमी खंय जातास?”

“मिठबावाक.”

“माका पण थंयच जावचा आसा. तुमचा थंय कोण?”

“सासुरवाड.”

“कोणाचे जावंय तुमी?”

दाजींनी एक नाव सांगितले. बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले.

“ते माजे बापूस. तेंका एकच चेडू, ता मी. आणि माजा लगीन अजून जावक नाय.”

सभागृहाला होकार द्यायला लावणाऱ्या दाजींनी डोक्यावरची टोपी काढली. 

“जावक नाय?” ते म्हणाले. “बरा तर. मगे तोवर माका थांबाक होया.”

बाईंनी शेजारची पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

“मगे हय बसा,” त्या म्हणाल्या. “उनात कित्याक उभे?”