झिपरीचं रॉकेट आणि वाघमहाराजांचं बोट

एका जंगलात, मुलांनो, मोठे प्राणी लहान प्राण्यांवर फार प्रेम करत. इतकं, की लहानांची सगळी कामं ते स्वतःच करून टाकत. चित्रकलेच्या स्पर्धेत आया चित्रं काढत. वक्तृत्वाची भाषणं मामा लिहून देत. शर्यतीत मात्र पिल्लांना स्वतः पळावं लागे. त्याबद्दल पालकांनी शाळेकडे तक्रारही केली होती.

त्या शाळेत टिटवीबाई शिकवत. एकदा त्यांनी वर्गात एक खोकं आणलं. त्यात पुठ्ठ्याची नळी होती, लाकडी टोक होतं, तीन पंख होते आणि खाली येताना उघडणारी कापडाची छोटी छत्री होती.

“हे रॉकेट आहे,” बाई म्हणाल्या. “इंधनाची कांडी शेवटी मी बसवीन. बाकी सगळं तुम्ही करायचं.”

काम मिळालं अस्वलाच्या झिपरीला आणि खारीच्या तुरतुऱ्याला. झिपरी खोकं छातीशी धरून धावतच घरी आली. मागोमाग तुरतुऱ्याही आला.

घरी तिचे बाबा होते. अंबाजी अस्वल.

“रॉकेट? आण इकडे,” अंबाजी म्हणाले. “तू नुसतं बघ. शिकायला मिळेल.”

“पण बाबा, बाई म्हणाल्या, आम्हीच करायचं.”

“तूच करते आहेस गं. हात फक्त माझे.”

तुरतुऱ्या सूचनांचा कागद वाचू लागला. “आधी नळीवर सारख्या अंतरावर रेघा मारा...”

“रेघा कशाला? मला नजर आहे,” अंबाजी म्हणाले आणि त्यांनी डिंकाची वाटी पुढे ओढली.

पहिला पंख नळीला तिरका चिकटला. दुसरा अंबाजींच्या पोटाला चिकटला. तो सोडवायला गेलेला पंजा नळीला चिकटला. नळी पोटाला चिकटली.

“बाबा, चुकलं का काही?” झिपरीने विचारलं.

“नाही. हे असंच करतात.”

मुलांनी दोन्ही बाजूंनी ओढलं. नळी सुटली, पण पोटावरचे बरेच केस घेऊन सुटली. अंबाजी ओढ्यात जाऊन बसले. उरलेला डिंक भिजून निघायला वेळ लागणार होता.

तेवढ्या वेळात मुलांनी काम उरकलं. नळी खरवडली. रेघा मारल्या. एकेक पंख सरळ लावला आणि सुकेपर्यंत धरून ठेवला. छत्रीची घडी झिपरीला पटेना. ती परत परत उलगडून घालत राहिली. शेवटी छत्री अलगद नळीत गेली.

संध्याकाळी अंबाजी ओले होऊन परत आले. त्यांनी रॉकेट फिरवून फिरवून पाहिलं.

“बघितलंस? सुकलं की आपोआप सरळ होतं,” ते म्हणाले. “उद्या माळावर उडवताना बटण मात्र तूच दाबायचंस. शब्द देतो.”

दुसऱ्या दिवशी माळावर मांडव होता. रॉकेट लहान होतं, मांडव मोठा होता. प्रमुख पाहुणे वाघमहाराज होते. प्रधान कोल्हा माइकवर होता.

“बटण महाराज दाबतील,” कोल्हा म्हणाला. “मुलांनी टाळ्या वाजवाव्यात.”

झिपरीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आपल्या पंजांकडे पाहिलं.

“अगं, प्रत्यक्ष महाराजांचं बोट,” ते पुटपुटले. “भाग्य लागतं.”

झिपरीच्या डोळ्यांत पाणी आलं. टिटवीबाईंनी रॉकेटमध्ये कांडी बसवली, तिची वायर बटणाच्या पेटीला जोडली आणि झिपरीच्या हातात एक लाल खुंटी ठेवली.

“ही पेटीत खोचल्याशिवाय बटण चालत नाही,” बाई म्हणाल्या. “सगळे त्या बांधलेल्या दोरीच्या मागे गेले की मगच खोचायची. कुणीही सांगितलं, तरी आधी नाही.”

महाराजांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पंजाने दाबलं. मग बटणावर गुरगुरून पाहिलं.

“बटण घाबरलंय, महाराज,” कोल्हा म्हणाला.

“मी बघतो,” म्हणत अंबाजी थेट रॉकेटपाशी गेले आणि खाली वाकून त्यांनी नळीखाली नाक घातलं.

तेवढ्यात कोल्ह्याला खुंटी दिसली. “ए पोरी, खोच ती! महाराज ताटकळलेत!”

झिपरीने खुंटी पाठीमागे धरली.

“नाही,” ती म्हणाली.

महाराजांसमोर हा शब्द आजवर कुणी काढला नव्हता.

“बाबा, आधी मागे या! आणि महाराज, तुम्हीसुद्धा. दोरीच्या मागे.”

“मी?” वाघ म्हणाला.

“तुम्हीच सगळ्यांत पुढे आहात.”

वाघ उठला आणि दोरीच्या मागे जाऊन उभा राहिला. कुठे उभं राहायचं हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे नाही कसं म्हणायचं, ते त्याला सुचलं नाही. अंबाजीही धावत मागे आले.

पेटी झिपरीसमोर राहिली. ती घेऊन झिपरीही दोरीच्या मागे गेली. तिने खुंटी खोचली. पोरांनी उलटे आकडे मोजले. झिपरीने बटण दाबलं.

फुस्स्स! रॉकेट सागांच्या शेंड्यांवर गेलं. आणखी वर गेलं. मग ठिपक्याएवढं झालं, आणि त्या ठिपक्यातून लाल छत्री उमलली.

“झिपरे, उघडली गं! छत्री उघडली!” अंबाजी ओरडले. त्यांनी लेकीला खांद्यावर घेतलं आणि ते नाचत सुटले. तेवढा वेळ त्यांना स्वतःची आठवणच राहिली नाही.

पोरांनी गवतातून रॉकेट उचलून आणलं. “बाई, परत उडवायचं?”

“हो तर! कांडी बदलली की झालं,” म्हणत बाईंनी पिशवीत चोच घातलीसुद्धा.

पण कोल्हा माइकवर आला होता. “हे यश महाराजांच्या बोटाचं आणि अंबाजींच्या मार्गदर्शनाचं!”

गळ्यात हार पडला आणि अंबाजींना स्वतःची आठवण आली. मुलांना मोकळीक कशी द्यावी, यावर ते बराच वेळ बोलले. तोवर मुलांना उन्हात हाताची घडी घालून बसवलं होतं.

रॉकेट दरबारातल्या काचेच्या कपाटात गेलं. दाराला मोठं कुलूप लागलं.

काही दिवसांनी झिपरी आणि तुरतुऱ्या तिथे गेले. काचेला नाक लावून उभे राहिले.

“हात लावायचा नाही,” कोल्हा म्हणाला.

“पण ते आम्हीच केलंय,” झिपरी म्हणाली.

“म्हणून तर कुलूप लावलंय.”

तात्पर्य : मुलांचं यश वेळेवर कपाटात बंद करावं. नाहीतर मुलं ते पुन्हा पुन्हा उडवत बसतात.